मळखाऊ

माझं काम शर्ट मळवायचं.
हसू नका. पडद्यावर नाव येतं, शेवटून तिसरं,
लोक अंधारात चपला चाचपत असतात तेव्हा:
वेशभूषा साहाय्य, सुगंधा रेवाळे.

तांडेल सर म्हणायचे, नवा कपडा खोटं बोलतो.
मग मी कोऱ्या कापडाला खरं बोलायला लावायची.
चहाचं पाणी, विटेचा चुरा,
सायकलच्या साखळीचं वंगण,
काखेत मिठाचं पाणी, तीनदा वाळवून,
कॉलरला खोबरेल आणि राख.
कोपरं झिजवायला पाय घासायचा दगड.
हे मी वागळे इस्टेटच्या सोळा नंबर रोडवर शिकले,
जिथून आमच्या ह्यांचा शर्ट
संध्याकाळी घरी यायचा तो
खुंटीशिवायही उभा राहिला असता.

त्याच शर्टापासून सुरुवात.
चेंदणी कोळीवाड्यातला एक काटकुळा पोरगा
किसननगरला आमच्या दारात येऊन म्हणाला,
वहिनी, दोरीवरचा तो धुऊ नका, सिनेमाला हवाय.
म्हटलं, धुतलेलाच आहे.
तो गप्प झाला. वहीत काहीतरी लिहिलं.
ते वाक्य सिनेमात आहे.
तिथे कुणी हसत नाही.

पहिला सिनेमा चार दिवस चालला.
दुसऱ्याला कुठल्याशा बर्फाच्या देशात
पितळेचा पक्षी मिळाला.
तो त्यांच्या आईने सुकटीच्या डब्यावर ठेवला,
मांजर झाकण पाडायचं म्हणून.

तिसऱ्याच्या वर्षी आमची कंपनी बंद पडली.
गेट खरं, कुलूप खरं, कामगार खरे.
गेटसमोर उभं राहायचे ह्यांना रोज चाळीस रुपये.
आत काम करायचे एकोणतीस मिळत होते.
सर म्हणाले, कॅमेऱ्याकडे नाही, कुलपाकडे बघा.
हे म्हणाले, फेब्रुवारीपासून दुसरं काय करतोय?

सातव्या टेकला हे खाली बसले.
कागदावर तसं नव्हतं.
सरांनी कॅमेरा थांबवला नाही.
नंतर थिएटरात मी मोजलं, अकरा सेकंद.
मग कडेने एक हात येतो, हिरव्या बांगड्यांचा.
पेपरात लिहून आलं, तो हात म्हणजे आशा.
तो हात पाणी घेऊन आला होता.

दोन वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही.
एक दिवस आले. माफी मागितली नाही.
ह्यांचा शर्ट परत आणला होता,
न धुता, वर्तमानपत्रात गुंडाळून.
हे म्हणाले, चहा टाक.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल.
मोठे नट आले. एकाच्या अंगावर वंगणाने पुरळ उठलं,
तेव्हापासून मळ बाटलीतून यायला लागला,
परदेशी, गुलाबाच्या वासाचा.
दोन सिनेमे मारामारीचे. एक डब्यातच राहिला.
सरांचे गुडघे गेले. आमचे हेही गेले.

परवा गडकरीला सत्कार होता.
फोन आला, सुगंधा, रंग कुठला घालू?
म्हटलं, मळखाऊ घाला, हार ओले असतात.

सत्काराआधी म्हणाले, एकदा सोळा नंबरला जाऊ.
कंपनीच्या जागी आता काचेची इमारत,
गळ्यात पट्टे घातलेली मुलं आत-बाहेर.
वॉचमनने विचारलं, काका, कुणाकडे?
सर वर बघत राहिले.
म्हणाले, काचेला काय लावायचं गं, मळायला?
मला काही सुचेना.
निघताना मी नुसता तळवा टेकवला.

वळून पाहिलं तर एक पोरगा
फडक्याने माझी पाच बोटं पुसत होता.
युनिफॉर्म कंपनीचा, निळा, इस्त्रीचा,
पण कॉलर...
खोबरेल, घाम, घोडबंदरची धूळ,
एकावर एक, घाई न करता बसलेली.
मी सरांना कोपराने ढोसलं.

त्यांनी खिशातून वही काढली.
पेन चालेना.
मी पर्समधलं दिलं.